चहाने तरतरी येते म्हणजे नेमकं काय होतं? कॅफीन, मेंदू आणि झोपेचा हिशेब

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास नेरूळ स्टेशनबाहेर चहाच्या टपरीपाशी दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली, हार्बरची गाडी पकडून सीएसएमटीकडे कामाला निघालेली. दुसरी, ऐरोली, घणसोली, तुर्भे या पट्ट्यातल्या ऑफिसांत आणि कारखान्यांत रात्रपाळी करून ठाणे-नेरूळ लोकलने परतलेली. पहिल्यांना जागं व्हायचंय, दुसऱ्यांना घरी जाऊन झोपायचंय. हातात मात्र दोघांच्याही तोच कटिंग.

हाच कटिंग एकाचा दिवस सुरू करून देतो आणि दुसऱ्याच्या झोपेतला वाटा खातो. 'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतोच' हे वाक्य स्टेटसला ठेवायला छान आहे. मेंदूचं गणित पाहिलं तर मात्र चहाला वेळ असते, आणि ती चुकली की किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते.

चहा-कॉफीतलं कॅफीन आपल्या मेंदूत नेमकं काय करतं, त्याने खरंच डोकं चालतं का, मूड का सुधारतो आणि एक दिवस चहा चुकला की डोकं का ठणकतं, हे या लेखात समजून घेऊ.

आपल्या कपात कॅफीन किती असतं?

कॅफीन हा चहा, कॉफी, कोको अशा वनस्पतींत नैसर्गिकपणे तयार होणारा पदार्थ आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे याने १८१९ च्या सुमारास तो कॉफीच्या बियांमधून पहिल्यांदा वेगळा केला.

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात १५० मिलिलिटरच्या एका कपासाठी दिलेले आकडे असे:

- फिल्टर किंवा उकळलेली कॉफी: ८० ते १२० मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी: ५० ते ६५ मिलिग्रॅम
- चहा: ३० ते ६५ मिलिग्रॅम

दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका, असं याच सूचना सांगतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली होती. म्हणजे आपल्याकडची मर्यादा जास्त सावध आहे.

एनर्जी ड्रिंकच्या बाबतीत भारतात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन घालता येतं. म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफीन असतं, हे अनेकांना माहीत नसतं.

आता एक साधा हिशेब करू. समजा, तुम्ही दिवसात सहा कटिंग घेता. कटिंग साधारण अर्ध्या कपाचा धरला तर हे तीन कप झाले, म्हणजे ९० ते १९५ मिलिग्रॅम. त्यावर दोन कप इन्स्टंट कॉफी, म्हणजे आणखी १०० ते १३०. एवढ्यातच तुम्ही १९० ते ३२५ च्या घरात पोहोचता. वर संध्याकाळी एक एनर्जी ड्रिंक घेतलं तर मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता चांगलीच वाढते. 'मी काही फार चहा पीत नाही' असं म्हणणाऱ्यांनी एकदा मोजून बघायला हरकत नाही.

मेंदूत काय घडतं? एसटीतला रुमाल आठवा

आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अ‍ॅडेनोसिन तिथे जाऊन बसलं की पेशींचं काम मंदावतं आणि आपल्याला पेंग येऊ लागते. जितका वेळ जागे, तितकं अ‍ॅडेनोसिन जास्त आणि तितकी झोपेची ओढ जास्त. आपण झोपलो की ही पातळी खाली येते.

कॅफीनच्या रेणूची घडण अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे ते त्याच जागांवर जाऊन बसतं, पण पेशींना मंद होण्याचा निरोप काही देत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतात ना, अगदी तसं. सीटवर कुणी बसलेलं नसतं, पण खऱ्या प्रवाशाला बसता येत नाही.

गाडीतली गर्दी मात्र त्यामुळे कमी होत नाही. अ‍ॅडेनोसिन तयार होतच राहतं, उभ्या प्रवाशांसारखं. काही तासांनी कॅफीन उतरतं, म्हणजे रुमाल उचलला जातो, आणि ताटकळलेले सगळे एकदम बसून घेतात. चहाचा अंमल ओसरल्यावर जी मरगळ येते, तिचं हे एक कारण.

म्हणजेच कॅफीन आपल्याला शक्ती देत नाही. ते थकव्याचा निरोप अडवून धरतं. मोबाइलची बॅटरी चार्ज न करता 'बॅटरी कमी आहे' ही सूचना तेवढी बंद करण्यासारखं हे आहे. दुधा-साखरेतून मिळते ती ऊर्जा वेगळी, तिचा कॅफीनशी संबंध नाही.

डोकं खरंच चालतं का?

काही बाबतींत, हो. चहा-कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटं ते पाऊण तासात परिणाम जाणवू लागतो. लक्ष टिकून राहतं, प्रतिक्रिया देण्याचा वेग वाढतो, कंटाळवाणं आणि एकसुरी काम करताना चुका कमी होतात. स्क्रीनवर नजर ठेवणं, आकडे तपासणं, यंत्राजवळ उभं राहणं, अशा कामांत हा फायदा खरा आहे.

पण जागं असणं वेगळं आणि नीट विचार करता येणं वेगळं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना रात्रभर जागं ठेवून सकाळी २०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं गेलं. त्यांना दोन कामं दिली होती. एक साधं लक्ष ठेवण्याचं, दुसरं ठरावीक क्रमाने पायऱ्या पार पाडण्याचं, एकही पायरी न गाळता आणि न दोनदा करता. लक्ष ठेवण्याच्या कामात कॅफीनने मदत केली. क्रमाने करायच्या कामात मात्र बहुतेकांना काहीच फायदा झाला नाही.

आता हे आपल्या आयुष्यात बसवून पाहा. रुग्णाला औषधं देणारी नर्स, सुरक्षा तपासणी करणारा तंत्रज्ञ, पैशांचे व्यवहार पूर्ण करणारा कर्मचारी, या सगळ्यांचं काम पायऱ्यांचंच असतं. रात्रभर जागून चहा घेतला की डोळे उघडे राहतात आणि 'आता मी ठीक आहे' असं वाटतं. चूक होण्याची शक्यता मात्र तशीच राहते. खरा धोका या खोट्या खात्रीत आहे.

हीच गोष्ट परीक्षेच्या आदल्या रात्रीची. नेरूळमध्ये डी. वाय. पाटील, तेरणा, एसआयईएस अशी कॉलेजं आहेत, त्यामुळे हॉस्टेलवर आणि पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलंही पुष्कळ. कॉफीवर रात्र काढली की पानं उलटून होतात, पण वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. ते काम कॅफीन करू शकत नाही. उलट ते झोपच लांबवतं.

मूड का सुधारतो? आणि कधी बिघडतो?

अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडल्या की मेंदूत डोपामिनचा प्रभाव थोडा वाढतो. उत्साह, काहीतरी करावंसं वाटणं यांच्याशी डोपामिनचा संबंध आहे. थोड्या प्रमाणातलं कॅफीन त्यामुळे बहुतेकांना हुशारी आणतं. त्यात टपरीवरची पाच मिनिटं, गप्पा, आल्याचा वास, कामातून मिळालेली सुटका हेही मिसळलेलं असतं. चहाचा आनंद फक्त रसायनाचा नाही, हे मान्य करायलाच हवं.

अमेरिकेतल्या सुमारे ५० हजार स्त्रियांच्या दहा वर्षांच्या पाहणीत (२०११) कॉफी नियमित पिणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण काहीसं कमी दिसलं. पण ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. कॉफीमुळेच नैराश्य टळलं, असं त्यावरून म्हणता येत नाही. उदास वाटतंय म्हणून चहा वाढवणं हा उपचार होऊ शकत नाही.

प्रमाण वाढलं की चित्र उलटतं. छातीत धडधड, हात थरथरणं, अस्वस्थता, उगाच चिडचिड. ज्यांना आधीपासून चिंतेचा किंवा पॅनिक अटॅकचा त्रास आहे, त्यांना हे लवकर होतं. कारण सोपं आहे. घाबरल्यावर शरीर जे करतं, तेच जास्त कॅफीनही करतं. हृदय जोरात धडधडलं की मेंदू कारण शोधू लागतो, आणि ऑफिसचा मेल किंवा ईएमआयची तारीख हाताशी असतेच. काही जणांची जनुकीय घडणच अशी असते की एका कपानेही ते बेचैन होतात. अशा माणसाला 'घे रे, एका कपाने काय होतंय' असा आग्रह करू नये.

रोज पिणाऱ्यांची तरतरी उसनी असते का?

सगळ्यात रंजक भाग इथे आहे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३७९ जणांवर प्रयोग केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सोळा तास कॅफीनपासून दूर ठेवलं. मग काहींना कॅफीन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण कॅफीन नसलेली गोळी.

रोज बऱ्यापैकी कॅफीन घेणाऱ्यांपैकी ज्यांना नुसती गोळी मिळाली, त्यांची हुशारी घटली आणि डोकं दुखू लागलं. ज्यांना कॅफीन मिळालं, ते ताजेतवाने झाले. पण किती? तर कॅफीन जवळजवळ न घेणारी माणसं काहीही न घेता जितकी ताजी होती, तेवढेच.

म्हणजे रोजच्या चहाबाजाचा सकाळचा पहिला कप त्याला इतरांच्या पुढे नेत नाही. रात्रभरात कॅफीन उतरल्यामुळे तो जिथे घसरलेला असतो, तिथून त्याला मूळ जागी आणून सोडतो. 'चहाशिवाय माझी सकाळच होत नाही' हे खरंच आहे. पण ते तसं करून ठेवलंय कालच्या चहाने.

कॅफीन अचानक बंद केलं की त्रास साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो. डोकं ठणकतं, थकवा येतो, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. पहिले दोन दिवस जड जातात, आणि हे सगळं दोन ते नऊ दिवस टिकू शकतं. दिवसाला १०० मिलिग्रॅम एवढ्याशा सवयीनेही हे होऊ शकतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत याची स्वतंत्र नोंद केली.

निर्जळी हरतालिकेला किंवा रमजानच्या पहिल्या रोजाला दुपारनंतर जे डोकं धरतं, त्याचं खापर आपण उपाशी राहण्यावर फोडतो. उपास, कमी पाणी, अपुरी झोप यांचा वाटा असतोच. पण रोजचा चहा चुकला, हेही त्यातलं एक मोठं कारण असू शकतं. चहा चालणाऱ्या उपासाला तसं डोकं दुखत नसेल, तर उत्तर तुमच्या हातात आहे.

कामगाराच्या हातात चहा आला कसा?

चहा ही आपली हजार वर्षांची परंपरा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चहा कंपन्यांना भारतात गिऱ्हाईक मिळवण्यासाठी बरीच खटपट करावी लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांमध्ये चहाचे ठेले सुरू करण्यात आले. कामगार चहा प्यायला तर काम चांगलं करील, हे मालकांना पटवून देण्यात आलं. पाळीच्या मधला चहा तेव्हापासून रुळला. आज त्याची जागा ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनने घेतली. झोपेची वेळ आणि कामाची वेळ जुळत नसेल, तर मधली फट चहाने भरायची, हा हिशेब जुनाच आहे.

संध्याकाळचा चहा रात्री किती उरतो?

प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला १०० मिलिग्रॅमची कॉफी घेतली, तर रात्री अकराला ५० मिलिग्रॅम उरतं आणि पहाटे चारलाही २५. म्हणजे अंथरुणावर पडताना तुमच्या रक्तात जवळपास एक कप चहा फिरत असतो.

हा वेग माणसागणिक बदलतो. सिगारेट ओढणाऱ्यांचं यकृत कॅफीन साधारण दुप्पट वेगाने संपवतं. त्यामुळे सिगारेट सोडल्यावर पूर्वीइतकाच चहा अंगावर येऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ जवळपास दुपटीने लांबतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर तो पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो.

अमेरिकेतल्या २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभरापेक्षा जास्त कमी केली. हा डोस मोठा होता, एका कटिंगने एवढं होणार नाही. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कमी झालेली झोप यंत्राने नोंदवली, माणसांना मात्र ती तितकीशी जाणवली नाही. म्हणून 'मला चहा पिऊनही मस्त झोप लागते' या वाक्यावर फार विसंबू नये. झोप लागते, पण कमी आणि उथळ. सकाळी थकवा, थकव्यावर चहा, चहामुळे पुन्हा अपुरी झोप, असं चक्र सुरू होतं.

चहा-चपाती आणि न जाणारा थकवा

अजून एक चक्र आहे, आणि ते स्त्रियांच्या बाबतीत जास्त गंभीर आहे. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे लोह शरीरात कमी शोषलं जातं. म्हणूनच जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असं आयसीएमआरच्या सूचना सांगतात.

आपल्याकडे कित्येक घरांत सकाळचा नाश्ता म्हणजे चहा-चपाती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयाचं मुख्य लक्षण थकवा, थकव्यावर घरचा उपाय चहा, आणि तोच जेवणाबरोबर घेतला की लोह आणखी कमी. सतत थकवा असेल तर चहा वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मग चहा प्यायचा कसा?

चहा सोडा, असं कुणी म्हणत नाही. निरोगी प्रौढाला मर्यादेतला चहा-कॉफी सुरक्षित आहे. फक्त वेळ आणि माप पाळायचं.

- दिवसपाळी असेल तर: शेवटचा कप झोपण्याच्या किमान सहा तास आधी. रात्री अकराला झोपत असाल तर संध्याकाळी पाचनंतर नको.
- रात्रपाळी असेल तर: चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. सकाळी आठला झोपणार असाल तर शेवटचा कप रात्री दोनच्या आत. स्टेशनबाहेरचा सकाळचा कटिंग सगळ्यात महाग पडतो.
- गाडी चालवताना पेंग आली तर: पाम बीच रोड असो की एक्स्प्रेस वे, खिडकी उघडून आणि गाणी लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवा, कॉफी प्या आणि लगेच १५ मिनिटं डोळे मिटा. कॅफीन चढेपर्यंत डुलकी होते आणि दोन्हींचा फायदा एकत्र मिळतो. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत हा उपाय उपयोगी ठरला. पण तो तात्पुरता आहे. खरा उपाय झोपच.
- गरोदर असाल तर: प्रमाण कमी ठेवा. युरोपीय प्राधिकरण २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतं. तुमच्यासाठी किती, ते डॉक्टरांना विचारा.
- घरात मुलं असतील तर: एनर्जी ड्रिंक मुलांसाठी नाही, असा इशारा डब्यावरच छापलेला असतो. तो वाचून दाखवा.
- कमी करायचा असेल तर: एकदम बंद करू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. ज्या वेळी चहाची सवय आहे, त्या वेळी गवती चहा-आल्याचा बिनचहापत्तीचा काढा घ्या. हातात गरम कप आला तरी तल्लफ बरीच शमते.

वारंवार धडधड होत असेल, झोपच येत नसेल, पॅनिकचा त्रास असेल किंवा हृदयविकाराची, मानसिक आजाराची औषधं सुरू असतील, तर किती कॅफीन चालेल हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पुढच्या वेळी दुपारी चारला डोळे जड झाले की चहा सांगण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: काल रात्री मी किती तास झोपलो? उत्तर सात-आठ तास असेल तर चहा मजेत घ्या. पाच असेल तर तोही घ्या हवा तर, पण आज लवकर झोपायचं हे त्याच वेळी ठरवून टाका. चहाने ती झोप फक्त पुढे ढकलली जाईल, माफ होणार नाही.